खोक्यावरचे १००० वॅट आणि फ्यूजचे २५

मैत्रिणींनो, मिक्सर घ्यायला गेलं की आपण किती चौकशी करतो! मोटार किती वॅटची, भांडी किती, पाती कशाची, बिघडला तर गावात दुरुस्त होईल ना... चार दुकानं पालथी घातल्याशिवाय आपला पाय घराकडे वळत नाही. पण खरेदी गाडीतल्या वस्तूची असली, की आपण मुकाट्यानं पर्स मांडीवर घेऊन दुकानातल्या खुर्चीवर बसतो. ते खातं पुरुषांचं, असं आपणच ठरवून टाकलेलं असतं. पैसे मात्र त्याच घरखर्चातून जातात, नाही का?

संगमनेरकडच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे, म्हणून आज हा विषय घेते. त्यांच्या चिरंजीवांना नुकती नोकरी लागली आहे. घरची गाडी सेकंडहँड, हप्ते अजून फिटायचे आहेत. मागे डिकीत सीएनजीची टाकी. मुलाला गाडीत गाणी दणक्यात वाजायला हवीत, म्हणून ॲम्प्लिफायर बसवायचा आहे. दुकानदारानं ‘१००० वॅटचा’ एक स्वस्तातला दाखवला आहे. आईनं काही विचारलं, की ‘आई, तुला त्यातलं काय कळतं?’ असं उत्तर मिळतं. आता पत्रातली खरी गोष्ट ऐका. त्यांच्या सासूबाईंना आठवड्यातून दोनदा पहाटे डायलिसिसला न्यावं लागतं. बाई लिहितात, ‘गाणी वाजोत की न वाजोत, पहाटे पाचला गाडी सुरू झालीच पाहिजे.’

या बाईंना यातलं सगळं कळतं, असं मी म्हणेन. राहिला फक्त आकड्यांचा ताळा. तो दुधाच्या हिशेबाइतकाच सोपा आहे. तेव्हा हौसेला नाही म्हणायचं नाही, पण हिशेब मात्र पुरता करायचा.

आधी हवा आहे का, ते पाहा

ॲम्प्लिफायर करतो काय? गाडीतल्या स्टिरिओतून निघणारा बारीकसा विद्युत-संदेश तो मोठा करतो आणि स्पीकरला पोचवतो. असा एक छोटा ॲम्प्लिफायर स्टिरिओच्या पोटात मुळातच असतो. स्टिरिओवर ‘५० वॅट × ४’ असं छापलेलं असलं, तरी तो दर स्पीकरला सतत देऊ शकतो साधारण १५ ते २० वॅट. एवढ्यात रोजच्या वापराची गाणी चांगली वाजतात.

मग आवाज फाटतो का? बहुतेक वेळा दोष मूळ स्पीकरचा किंवा दाराच्या पत्र्याचा असतो. दारातले कागदी स्पीकर उन्हापावसानं वाळून गेलेले असतात, पत्रा थरथरत असतो. बरे स्पीकर घालून दाराला आतून डॅम्पिंगची पट्टी चिकटवली, तर पुष्कळदा तेवढ्यावर काम भागतं.

स्पीकर घेताना खोक्यावर ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हणून डेसिबलमध्ये एक आकडा असतो, तो वाचा. एकावर ८८ आणि दुसऱ्यावर ९१ असेल, तर ९१चा घ्या. फरक दिसतो तीनचा, पण ८८च्या स्पीकरमधून तेवढाच आवाज काढायला दुप्पट वॅट लागतात. म्हणजे योग्य स्पीकर निवडला, तर निम्मा ॲम्प्लिफायर फुकट मिळाला म्हणा ना!

एवढं करूनही मोठ्या रस्त्यावर, काचा खाली असताना आवाज अपुरा वाटत असेल, किंवा खालचे सूर ऐकवणारा सबवूफर घालायचा असेल, तर ॲम्प्लिफायर घ्यायला हरकत नाही.

वॅटचा ताळा

आता मुख्य गोष्ट. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले १००० वॅट बहुधा ‘पीक’ किंवा ‘मॅक्स’ असतात. म्हणजे क्षणभर उसळून गेलेली शक्ती. दूध उतू जाताना पातेल्याच्या वर येतं, म्हणून काही ते एक लिटरचं दीड लिटर होत नाही. आपल्याला हवा असतो तो ‘आरएमएस’ आकडा, म्हणजे सतत मिळणारी शक्ती. तो माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असतो. कुठंच दिला नसेल, तर ते खोकं दुकानदाराकडेच राहू द्यावं.

दुकानदार म्हणेल, ‘ताई, सगळं लिहिलेलंच आहे.’ तर तुम्ही शांतपणे ॲम्प्लिफायर हातात घेऊन उलटा करा. वायरी जोडायच्या बाजूला प्लॅस्टिकचा रंगीत फ्यूज खोचलेला असतो. त्यावर १५, २५, ३० असा एक आकडा असतो. दोन असतील तर बेरीज करा. क्वचित काहींचा फ्यूज बाहेरच्या वायरवर असतो, तर त्याचा आकडा माहितीपत्रकात बघा.

समजा, फ्यूज २५ अँपियरचा आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट मिळतात. २५ गुणिले १४ म्हणजे ३५०. एवढे वॅट त्या यंत्रात जाणार. पण गेलं तेवढं सगळं आवाज होऊन बाहेर येत नाही, काही उष्णतेत जातं. ‘क्लास एबी’ जातीचा असेल तर साधारण ६० टक्के बाहेर येतं, म्हणजे २१०. ‘क्लास डी’ असेल तर ८० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २८०. चार स्पीकरांत वाटले, तर दर स्पीकरला ५० ते ७० वॅट. खोक्यावरचे १००० कुठं गेले? ते छापखान्यातच राहिले!

हा ताळा काटेकोर मापाचा नव्हे, अंदाजाचा आहे. पण पाणी किती घातलंय ते कळायला पुरेसा आहे. २५च्या फ्यूजवर ‘२०० ते २८० वॅट आरएमएस’ लिहिलं असेल, तर माणूस खरं बोलतोय असं समजावं.

आणखी एक खूण सांगते. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक्स उत्पादकांच्या संघटनेनं २००३ साली गाडीतल्या ॲम्प्लिफायरची शक्ती मोजायची एक रीत ठरवून दिली. १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या भाराला, आवाजातला बिघाड १ टक्क्याच्या आत ठेवून किती वॅट मिळतात, ते मोजायचं. ही रीत पाळणारे उत्पादक खोक्यावर ‘सीईए-२००६’ किंवा ‘सीटीए-२००६’ असं लिहितात. ही सक्ती नाही, त्यामुळे खूण नसलेला माल वाईटच असतो असं नव्हे. पण खूण असली, तर आकड्यावर विसंबायला हरकत नाही.

आता समजा, एखादा ॲम्प्लिफायर खरोखरच १००० वॅट देणारा निघाला, तर? घरची १००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर साडेचार अँपियरच्या आत वीज घेते. पण गाडीत व्होल्ट इतके थोडे, की तेवढ्याच वॅटना ७० अँपियरहून अधिक लागतात, शिवाय वाया जाणारी वीज वेगळी. छोट्या गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे गाडीतलं वीजघर, सगळं मिळून साधारण ६० ते ९० अँपियर देतो. त्यातच दिवे, वायपर, एसीचा पंखा आणि बॅटरीचं चार्जिंग! म्हणजे खोक्यावरचा आकडा खोटा असला तर आपण फसलो, आणि खरा असला तर गाडीला तो झेपायचा नाही. छोट्या गाडीला सगळे मिळून २०० ते ३०० वॅट आरएमएस भरपूर झाले.

किती चॅनेलचा घ्यावा?

दारातल्या चार स्पीकरांसाठी चार चॅनेलचा. फक्त सबवूफर असेल तर एक चॅनेलचा, त्याला ‘मोनो’ म्हणतात. दोन्ही हवं असेल तर पाच चॅनेलचा मिळतो. किंवा चार चॅनेलच्या ॲम्प्लिफायरचे दोन चॅनेल पुढच्या स्पीकरांना द्यायचे आणि उरलेले दोन जोडून सबवूफरला. याला ‘ब्रिज’ करणं म्हणतात. मागच्या बाकावर बहुधा पिशव्याच बसतात, अशा घरांना ही युक्ती स्वस्त पडते.

स्पीकरचे आरएमएस वॅट आणि ॲम्प्लिफायरचे दर चॅनेलचे आरएमएस वॅट जवळपास सारखे असावेत. स्पीकर ६० वॅटचा असेल, तर ॲम्प्लिफायर ५० ते ७५चा चालेल. लहान ॲम्प्लिफायर घेतला की स्पीकर जळत नाही, असा एक समज आहे. तो खरा नाही. लहान यंत्राकडून आवाज ताणून काढला की लाटेचे शेंडे कापले जातात, आवाज फाटतो आणि बारीक सूर काढणारे ट्वीटर आधी जळतात. मिक्सरमध्ये भांडंभर वाटण कोंबून तो रेटत राहिलो तर मोटार जळते ना, तसंच आहे हे.

बहुतेक गाड्यांतले स्पीकर ४ ओहमचे असतात. दोन स्पीकर एकाच चॅनेलला समांतर जोडले, तर भार २ ओहमचा होतो आणि ॲम्प्लिफायर जास्त तापतो. ‘२ ओहमला चालतो’ असं माहितीपत्रकात लिहिलं असेल, तरच तशी जोडणी करू द्या.

वायर, फ्यूज आणि आगीची भीती

आता मी जरा कठोरपणे बोलणार आहे. लोक ॲम्प्लिफायरवर हजारो रुपये घालतात आणि वायरचे पैसे वाचवतात. धोका असतो तो नेमका वायरीत.

ॲम्प्लिफायरची मुख्य वायर थेट बॅटरीवरून निघते, बॉनेटच्या पत्र्यातल्या भोकातून आत येते आणि सीटखालून किंवा डिकीपर्यंत जाते. गाडी हादरते तशी ती पत्र्याच्या धारेवर घासते. वरचं प्लॅस्टिक गेलं आणि तांबं पत्र्याला टेकलं, की बॅटरीतून शेकडो अँपियर एकदम धावतात. मध्ये फ्यूज नसेल तर वायर लालभडक होते. मागे सीएनजीची टाकी असो वा नसो, पुढं काय होईल ते सांगायला नको.

म्हणून तीन गोष्टी निक्षून पाहायच्या. पहिली, बॅटरीच्या धन टोकापासून हातभर अंतराच्या आत, म्हणजे दीड फुटाच्या आत, स्वतंत्र फ्यूज हवा. ॲम्प्लिफायरला त्याचा फ्यूज आहे ना, असं फिटर म्हणेल. तो यंत्राला वाचवतो, वायरला नाही. हा दुसरा फ्यूज वायरसाठी आहे. दुसरी, पत्र्याच्या भोकात रबरी बूच हवं. तिसरी, फ्यूज वारंवार उडाला म्हणून मोठा घालायचा नाही. घरच्या मेनस्विचच्या फ्यूजमध्ये जाड तार अडकवणारा शेजारी तुम्हाला आठवत असेलच. तोच प्रकार हा.

वायरीची जाडी ‘गेज’मध्ये सांगतात आणि हा आकडा उलटा चालतो. ४ गेज जाड, ८ गेज त्याहून बारीक. २५-३० अँपियरच्या ॲम्प्लिफायरला ८ गेजची तांब्याची वायर पुरते, ५०-६० अँपियरला ४ गेज घ्यावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायरही मिळते, तिला ‘सीसीए’ म्हणतात. एक तार ब्लेडनं खरवडून पाहा, आत पांढरी निघाली तर समजावं. पितळी म्हणून दिलेल्या भांड्याला आपण नाही का असंच ओरखडून बघत! सीसीए घ्यायचीच झाली तर एक पायरी जाड घ्यावी.

ऋण बाजूची वायर, म्हणजे बॉडीची अर्थिंग, आखूड असावी आणि रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यावर घट्ट बसावी. स्टिरिओकडून येणारी संदेशाची तार आणि ही जाड वीजवाहक वायर गाडीच्या दोन वेगवेगळ्या बाजूंनी न्यायला सांगा. नाहीतर ॲक्सिलरेटर दाबला की गाण्यात ‘कुंईऽऽ’ असा बारीक सूर मिसळतो.

ॲम्प्लिफायरला हवा लागते. त्यावर गोधडी, छत्र्या, भाजीच्या पिशव्या ठेवायच्या नाहीत. डिकीत स्क्रू मारण्यापूर्वी खाली काय आहे ते फिटरला बघायला लावा. पेट्रोलची टाकी, नळ्या, ब्रेकच्या पाइपा तिथूनच जातात. सीएनजीच्या टाकीला, तिच्या पट्ट्यांना किंवा नळीला काहीही टेकवायचं नाही, हे तर उघडच आहे. अशा गाडीत छोटा क्लास डी ॲम्प्लिफायर सीटखाली बसवलेला बरा. तो कमी तापतो, जागाही थोडी घेतो. विजेवर चालणाऱ्या गाडीतही ॲम्प्लिफायर १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरच घ्यायचा असतो. नारिंगी रंगाच्या जाड वायरींना कुणी हात लावता कामा नये.

गाडी वॉरंटीत असेल, तर मूळ वायर कापू देऊ नका. कपलर मिळतात, त्यानं न कापता जोडणी होते. कंपनीचा स्टिरिओ तसाच ठेवायचा असेल, तर ‘हाय लेव्हल इनपुट’ असलेला ॲम्प्लिफायर मागा. तो स्पीकरच्या तारेवरूनच संदेश घेतो.

पहाटे गाडी सुरू व्हायला हवी

आता संगमनेरच्या ताईंची मुख्य काळजी. स्टिरिओ चालू झाला की ॲम्प्लिफायर चालू व्हावा आणि बंद झाला की बंद, यासाठी ‘रिमोट’ नावाची एक बारीक वायर असते. कामाच्या घाईत काही फिटर ती चुकीच्या ठिकाणी जोडतात. मग गाडी बंद करून किल्ली खुंटीला लागली, तरी ॲम्प्लिफायर जागाच राहतो. नुसता जागा राहून त्यानं १ अँपियर जरी खाल्ला, तरी रात्रीच्या १० तासांत १० अँपियर-अवर गेले. छोट्या गाडीची बॅटरी मुळात ३५ अँपियर-अवरच्या आसपास, त्यातून ती जुनी असली तर पहाटे ‘टक्-टक्’ करून गप्प बसणार. आणि त्या दिवशी नेमका डायलिसिसचा वार असणार.

याची तपासणी अगदी सोपी. ॲम्प्लिफायरवर एक बारीक दिवा असतो. किल्ली काढा, दार लावा, दोन मिनिटांनी खिडकीतून डोकावून पाहा. दिवा विझलेला हवा. फिटरचे पैसे त्यानंतर द्या. इंजिन बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटांच्या वर गाणी ऐकायची नाहीत, हा नियम घरात सर्वांना लागू करा. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल, तर आधी ती तपासून घ्या. नव्या ॲम्प्लिफायरचे पैसे कदाचित तिकडेच लावावे लागतील.

ऐकून घ्या, आणि कानही सांभाळा

दुकानात ते स्वतःचं ढणढणतं गाणं लावतील. आपण आपलं न्यावं. एक लताबाईंचं, एक भीमसेनजींचा अभंग आणि मुलाच्या आवडीचं एक. बाईंचा सूर टोचतो का? तानपुरा स्वच्छ ऐकू येतो का? तबल्यातला डग्गा गोल वाजतो, की नुसता धप्प? मग इंजिन चालू ठेवून आवाज शून्यावर आणा. सूऽऽ असा आवाज येत असेल, तर ‘गेन’ जास्त चढवलेला आहे. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. स्टिरिओ आणि ॲम्प्लिफायरचा मेळ घालायची ती कळ आहे. फिटरनं ती एकदा लावली की मुलांनी तिला हात लावायचा नाही.

कानांचंही एक गणित आहे. आवाज ३ डेसिबलनं वाढला की तो सुरक्षितपणे ऐकायचा वेळ निम्मा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंतच ऐकावा. त्याच हिशेबानं ८९ डेसिबलला तेच ४० तास ५ तासांवर येतात. लहान मुलांसाठी मर्यादा आणखी खाली, ७५ डेसिबलची आहे. बंद काचांची गाडी म्हणजे छोटी खोलीच. तिच्यात मागच्या बाकावर नातवंडं असतात, स्पीकर त्यांच्या कानांशीच असतो. शिवाय मागून येणाऱ्या ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू आला पाहिजे. आपल्या घरचं माणूस नेमानं इस्पितळात जात असलं, की त्या भोंग्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

पर्समध्ये ठेवायची चिठ्ठी

दुकानात जाताना एवढं लिहून न्या:

१. आरएमएस वॅट किती? फ्यूजशी ताळा जमतो का?
२. स्पीकरचे आरएमएस वॅट आणि ओहम जुळतात का?
३. क्लास एबी की क्लास डी? आपल्या गाडीत जागा कुठं?
४. वायर तांब्याची का, किती गेजची?
५. बॅटरीपासून हातभर अंतरात फ्यूज, आणि भोकात रबरी बूच.
६. मूळ वायर न कापता कपलरनं जोडणी.
७. किल्ली काढल्यावर दिवा विझतो का?
८. पक्कं बिल, त्यावर मॉडेलचा क्रमांक आणि वॉरंटीची मुदत. फिटिंगची मजुरी वेगळी लिहून घ्यावी.

ही चिठ्ठी मुलाच्या हातात देऊ नका, त्याच्याबरोबर दुकानात जा. फ्यूजचा आकडा त्यालाच वाचायला सांगा आणि गुणाकार तुम्ही तोंडी करा. पुढच्या वेळी ‘आई, तुला काय कळतं?’ असं म्हणायच्या आधी तो जरा थांबेल. आणि गाडीत गाणी लागली, की पहिलं गाणं आपल्या आवडीचं लावायला सांगायला विसरू नका बरं का!